चुकीच्या शेतातला दगड

बाबा, तुमचं लिंबाचं लोणचं अजून मुरतंय. गेल्या आठवड्यात डेव्हिड आणि मी तुमचं घर आवरायला आलो होतो. त्याने कपाटं घेतली, मी स्वयंपाकघर. खिडकीखाली ती जाड मातीची बरणी होती, ज्यात हेल्गाआई, माझ्या सासूबाई, कोबी आंबवायच्या. झाकण काढलं तर आत लिंबाच्या फोडी, फोडींवर बशी आणि बशीवर दगड. करडा, एका बाजूने चपटा, स्वच्छ घासलेला. मी तो ओळखला आणि होते तिथेच खुर्चीवर बसले.

लोणच्यावर दगड ठेवायचा नसतो, हे मी तुम्हाला दर वर्षी सांगत आले. आणि तुम्ही दर वर्षी सांगत आलात की आंबायला, मुरायला ठेवलेली कुठलीही गोष्ट दाबून ठेवावी लागते आणि या घरात ते तसंच चालतं. त्या वादाचा निकाल लागला नाही तो नाहीच. पण दर वर्षीचा तुमचा दगड नदीवरचा असायचा, गुळगुळीत. यंदाचा वेगळा होता. तो तुम्ही टाकून दिलात असं मी सगळा हिवाळा धरून चालले होते, आणि विचारायची माझी हिंमत झाली नव्हती.

हे मी मराठीत लिहिते आहे, जी तुम्हाला ‘बस’, ‘खा’ आणि ‘पुरे’ एवढीच येत होती. आपण इंग्रजीत बोलायचो, रागावलो की जर्मनमध्ये. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणाला तुम्ही म्हणालात की मला नावाने हाक मार. सासऱ्यांना नावाने! माझी जीभ वळेना. दोनेक महिने मी तुम्हाला काहीच न म्हणता काढले, लक्ष वेधायचं असलं की नुसती खोकायची. शेवटी तुम्हीच वैतागून म्हणालात की तुमच्याकडे सासऱ्यांना जे म्हणतात ते म्हण, पण ते खोकणं थांबव, नाहीतर मी तुला डॉक्टरकडे नेणार आहे. त्या दिवसापासून तुम्ही बाबा झालात. आमची मीरा तुम्हाला ‘ओपा’, म्हणजे आजोबा, म्हणायची आणि डेव्हिड ‘डॅड’, पण दारावर बेल वाजवून ‘बाबा, मी आहे’ म्हणणारी जर्मनीतल्या या एर्लांगेनमध्ये मी एकटीच होते. आता ते कुणाला म्हणू, ठाऊक नाही.

पूर्वज शोधायचं खूळ तुमच्या डोक्यात मीच घातलं. एका रविवारी जेवताना मी हेळव्याची गोष्ट सांगितली. इचलकरंजीजवळच्या आमच्या गावात सुगी झाली की हेळवी यायचा, बैलावर बसून. दारात बसून तो आमच्या घराण्याची नावं मोठ्याने म्हणायचा, खापरपणजोबांच्याही आधीपासून खाली माझ्या आजोबांपर्यंत, आबांपर्यंत, आणि मग ज्वारी घेऊन पुढच्या घरी. त्याच्या पिढ्यान् पिढ्या आमच्या पिढ्यान् पिढ्या सांभाळत आल्या होत्या. तुम्ही काटा-सुरी खाली ठेवलीत. म्हणालात, आमच्याकडे असा कुणी आला नाही, म्हणून मी असा रिकामा. तुमच्या आजोबांनी तुम्हाला दोनच शब्द सांगितले होते, विणकर आणि शेतकरी, आणि यॉर्कशायरमधल्या एका खोऱ्याचं नाव. मी म्हटलं, मग आम्ही वेगळं काय आहोत? आम्ही कोष्टी. आबांचा खड्डामाग घरात आणि गावाबाहेर थोडी ज्वारीची जमीन. पावसाळ्यात शेत, बाकीचं वर्ष माग. तुम्ही इतके खूश झालात, जसं काही आपलं जुनं नातं निघालं.

मग आपले रविवार त्यात जायला लागले. जुन्या चर्चच्या नोंदी कॉम्प्युटरवर मोठ्या करून बघायच्या, ते नागमोडी अक्षर लावायचं, तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून नाक पडद्याला टेकवायचं. मला तुम्ही ‘माझी हेळवी’ म्हणायला लागलात. आणि एक गोष्ट तुम्ही केलीत, जी गावच्या हेळव्याने कधी केली नव्हती. तुम्ही आमच्या बायकांची नावं विचारलीत. आमच्या दारात आजीचं नाव कधी घेतलं गेलं नाही, तिच्या आईचं तर सोडाच. तुम्ही माझ्या आईला इचलकरंजीला फोन लावायला मला सांगितलंत आणि मध्ये दुभाषी म्हणून बसवून तिच्या आईचं, तिच्या आजीचं नाव विचारून घेतलंत. आई नंतर मला म्हणाली, ‘तुझ्या सासऱ्यांना हे कशाला गं हवंय? मला कुणी विचारलंच नव्हतं आजवर.’ तिचा आवाज जरा ओला होता. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पुढची चूक माझी, आणि ती आमच्याकडच्याच माणसाला सुचेल अशी. तुमचे पणजोबा थॉमस अमोस शॉ. इतकं तुम्हाला पक्कं माहीत होतं, त्याच्या पलीकडचं काही नाही. त्या खोऱ्यात शॉ उदंड. पण वरच्या अंगाला, माळाच्या कडेला, अमोस शॉ नावाचा एक विणकर होता, स्वतःची थोडी जमीन, गाय, ओट्स, आणि त्याच्या मुलांत एक थॉमस, वयाने जुळणारा. मी टेबलावर हात आपटला. थॉमस अमोस शॉ, म्हणजे अमोसचा थॉमस. मधलं नाव वडिलांचं, यात शोधायचं काय राहिलं? तुम्ही बिचकलात. आमच्यात तसं नसतं, असं म्हणालात. मी म्हटलं, नसेल, पण बाप मुलाला स्वतःचं नाव देऊ शकतोच ना? जन्मभर माझ्या नावाच्या मध्ये माझ्या वडिलांचं नाव बसलेलं. दुसरं काही तिथे असू शकतं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. आणि तुम्हाला ते खरं असावं असं फार वाटत होतं. दोघांनी मिळून आपण अमोसला घरी आणलं.

गेल्या उन्हाळ्यात आपण तिकडे गेलो, तुम्ही, मी आणि मीरा. डेव्हिडला सुट्टी नव्हती. भाड्याची गाडी मी चालवली. कितीतरी वर्षांनी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायला मिळालं म्हणून मी खुशीत, आणि तुम्ही, जन्माने इंग्रज, दर वळणाला दाराचं हँडल गच्च धरून जर्मनमध्ये देवाचं नाव घेत होता. मीरा मागे हसून हसून लोळत होती.

ते घर अजून उभं होतं. तिथे आता मेंढ्या पाळणारी एक बाई राहते. आपण का आलोय ते ऐकून तिने चहा केला आणि वरच्या मजल्यावर नेलं. तिथे भिंतभर खिडक्या होत्या, एकीला लागून एक. तुम्ही विचारलंत, एवढ्या कशाला? मी म्हटलं, बाबा, इथे माग होता. सूत तुटलं तर दिसायला नको का? आबाही उजेडाकडे तोंड करून बसायचे. मग मी तुम्हाला दाखवलं, कसं बसायचं, धोटा एका हाताने कसा फेकायचा आणि फणी कशी ओढायची. तुम्ही माझ्या शेजारी त्या रिकाम्या जागेत बसलात, फरशीवर, त्या वयात, आणि हात तसे हलवून बघितलेत. मग तुम्ही रडलात. त्या बाईसमोर, मीरासमोर, काही लपवालपवी न करता. मी तुम्हाला हेल्गाआई गेल्या तेव्हासुद्धा असं रडताना पाहिलं नव्हतं.

खाली शेताच्या कडेला दगडांची गडगी होती, एक जागा ढासळलेली. त्या बाईने तुम्हाला म्हटलं, तुमच्याच माणसांनी रचलेली आहे, एक दगड घेऊन जा. तुम्ही बराच वेळ निवडत होता.

परतताना गाडीत मी तुम्हाला हेळव्याची उरलेली गोष्ट सांगितली. एका वर्षी तो फार म्हातारा झाला होता, नजर गेलेली. आमच्या दारात बसून त्याने आमच्याच आडनावाच्या दुसऱ्या घराची नावं म्हणायला घेतली. काकी मध्ये बोलायला गेली तर आबांनी तिला हातानेच गप्प केलं. ते हात जोडून शेवटपर्यंत ऐकत बसले आणि नंतर सूपभर ज्वारी घातली, नेहमीइतकीच. मी विचारलं, आबा, ती आपली माणसं नव्हती ना? आबा म्हणाले, ‘आपल्या दारात नावं घेतली की त्यानं. आता रिकामं कसं पाठवायचं?’ मी हे हसत हसत सांगत होते, विनोद म्हणून. तुम्ही हसला नाहीत. त्या म्हाताऱ्याला नंतर कुणी सांगितलं का, असं विचारलंत. मी म्हटलं, आबांनी तरी नाही. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, चांगला माणूस होता तुझा आजोबा.

ही गोष्ट मी स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. ती माझ्याच कानात शिरली नाही.

शरद ऋतूत तुम्ही गल्लीतल्या सेनिओरेनक्राइसला, त्या म्हाताऱ्यांच्या मंडळाला, सांगून टाकलंत की नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी तुम्ही तुमच्या घराण्याबद्दल बोलणार. फोटो मोठे करून आणलेत. मीरासमोर सराव केलात. ती म्हणाली, ओपा, सेअर गूट, छानच, पण जरा हळू बोल. दगड हातोहात फिरवायचा, असं तुमचं ठरलं होतं. इतकी वर्षं त्या लोकांत तुम्ही ‘तो इंग्रज’ होता. पहिल्यांदाच तुमच्याजवळ तुमचं म्हणून काही दाखवायला होतं.

भाषणाच्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी इंग्लंडहून पाकीट आलं. थॉमस अमोसच्या लग्नाची नोंद, पुराव्याला पुरावा असावा म्हणून मीच मागवलेली. इंग्रजी लग्नाच्या नोंदीत बापाचं नाव असतं. तिथे अमोस नव्हता. जोसेफ शॉ, विणकर, खाली गावात राहणारा. त्याला शेत नव्हतं, गाय नव्हती. मी ऑफिसातच मिळतील त्या नोंदी धुंडाळल्या आणि दुपारपर्यंत उलगडा झाला. अमोस हे थॉमसच्या आईचं माहेरचं आडनाव होतं. तिने ते मुलाच्या नावाच्या मध्ये ठेवलं होतं.

बाबा, माझं काम तुम्हाला माहीत आहे. दवाखान्यांत जाणारी स्कॅनची यंत्रं मी तपासते. चूक दिसली की त्याच दिवशी नोंदवायची, उद्यावर टाकायची नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण त्या यंत्रात कुणीतरी झोपणार असतं. पण तुमच्या घराण्यात कुणी झोपणार नव्हतं. तरी मी संध्याकाळी सायकल सरळ तुमच्या दाराशी नेली.

तुम्ही नवा शर्ट घालून बघत होता. दगड टेबलावर होता, खाली एक स्वच्छ रुमाल. मी कोटसुद्धा काढला नाही. म्हटलं, बाबा, आपली एक चूक झाली आहे. तुम्ही कागद वाचलात, मग पुन्हा वाचलात.

‘म्हणजे अमोस आपला नाही.’

‘नाही.’

‘आणि ते घर?’

‘तेही नाही.’

‘गेनाऊ,’ तुम्ही म्हणालात. ‘अगदी बरोबर’ अशा अर्थाचा हा शब्द तुम्ही फक्त सरकारी कचेऱ्यांत आणि विमावाल्यांशी फोनवर वापरायचात. मग मला चहा घेणार का विचारलंत.

मी चहा घेतला. इतकंच नाही, मी चहा पीत पीत तुम्हाला समजावत बसले की हे किती मोठं सापडलं आहे, एका गरीब विणकराच्या बायकोने आपलं माहेर नावात शाबूत ठेवलं, आमच्याकडे बाईचं सगळं नावच बदलून टाकायचे. तुम्ही मान हलवत होता. मी मनापासून रंगले होते. घरी जाताना मला हलकं वाटत होतं, काम चोख झाल्यासारखं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मंडळाला फोन करून घसा बसल्याचं सांगितलंत. हे मला डेव्हिडकडून कळलं.

त्यानंतर तुम्ही ते काम हातात घेतलं नाहीत. मी जोसेफचं काही ना काही शोधून आणायची. तो भाड्याच्या खोलीत राहायचा, बायकोसुद्धा विणायची. तुम्ही म्हणायचात, ठेव तिथे, बघतो. टेबलावरचा दगड दिसेनासा झाला. मी जोसेफचे कागद आणखी आणत राहिले, जणू तुमचं एक मोडलेलं खेळणं मी दुसऱ्याने भरून देणार होते. तुम्ही माझ्यावर चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त जास्त नम्र झालात.

जानेवारीत एकदा, बटाटे सोलताना, तुम्ही विषय काढलात.

‘आल्झो, म्हणजे, शुक्रवारी सांगितलं असतंस तर?’

मी तयारच असल्यासारखी म्हणाले, मग गुरुवारी सगळ्यांनी खोटं ऐकलं असतं. तुम्ही हसलात. म्हणालात, सगळे कोण, त्यातले निम्मे कानाचं यंत्र बंद करून बसतात. मीही हसले. मग तुम्ही बटाट्याकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणालात, ‘मला ते एकदाच सांगायचं होतं.’

तेव्हा मी चाकू खाली ठेवायला हवा होता. तुमच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. मी म्हटलं, वसंतात आपण जोसेफवर छान भाषण तयार करू, आणि तेही खरं असेल. तुम्ही म्हणालात, ‘पुरे.’ ताटात मी भात जास्त वाढायला लागले की म्हणायचात, तसंच. मला वाटलं तुम्ही बटाट्यांबद्दल बोलताय.

फेब्रुवारीत तुम्ही बसस्टॉपवर खाली बसलात आणि उठला नाहीत. दोन्ही पिशव्या शेजारी नीट उभ्या होत्या. एकीत लिंबं होती. बरणी भरली होती तरी लिंबं, म्हणजे आमच्यासाठी असणार.

परवा तुमच्या अस्थींचा कलश मातीत ठेवला. हेल्गाआईंच्या शेजारी, तुम्हाला हवं होतं तिथेच. नंतर रीतीप्रमाणे कोपऱ्यावरच्या गास्टहाउसात कॉफी आणि केक होता. तुमचं मंडळ झाडून आलं होतं. ते चालवणाऱ्या लिंडनरबाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, त्यांचं एक भाषण राहिलं आमच्याकडे. घसा बरा झाला की करतो म्हणाले होते. आम्ही वाट बघत होतो.

डेव्हिडने माझ्याकडे पाहिलं. दगड मी पर्समध्ये घालून आणला होता. का आणला, ते मला तोवर माहीत नव्हतं. कबरीत ठेवावा असं मनात होतं, पण तिथे हात पुढे झाला नाही. ठेवायचा माझा काय अधिकार, असं वाटलं.

मी उभी राहिले आणि तुमचं भाषण केलं, बाबा. माझ्या जर्मनमध्ये, जसं तुम्ही मीरासमोर म्हणायचात तसं, आठवेल तेवढं. वरच्या अंगाचं घर, भिंतभर खिडक्या, एक गाय, वाऱ्यात आडवे पडणारे ओट्स, विणलेलं कापड पाठीवर बांधून माळ ओलांडून बाजाराला जाणारा अमोस, त्याची बायको, त्यांची मुलं. एकेक नाव मी घेतलं, मोठ्याने, आमच्या दारात घ्यायचे तसं. कुठे अडखळले तर मीरा खालून पुरवत होती, तिला सगळं पाठ होतं. तुम्ही कसे फरशीवर बसून धोटा फेकलात, तेही सांगितलं. लोक हसले, एक-दोघांनी डोळे पुसले. दगड हातोहात फिरत गेला. एका आजोबांनी तो हुंगला आणि शेजाऱ्याला विचारलं की इंग्लंडच्या दगडांना लिंबाचा वास येतो का.

दगड फिरून लिंडनरबाईंकडे आला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून वर बघितलं आणि विचारलं, ‘आणि ही सगळी त्यांची माणसं?’

मीरा माझ्याकडे बघत होती. डेव्हिडही. खरं काय ते दोघांनाही माहीत होतं, आणि मी कशी आहे तेही.

‘हो,’ मी म्हणाले. ‘त्यांचीच.’

काही झालं नाही. लिंडनरबाईंनी मान डोलावली, दगड रुमालावर ठेवला आणि कॉफी ओतली. बस, इतकंच होतं ते.

बरणी मी आमच्या घरी आणली आहे. दगड पुन्हा बशीवर ठेवला. आमच्यात ठेवत नाहीत, पण ठेवला. तुम्ही तो जपून ठेवला होता की हाताला आला म्हणून वापरला होता, हे मला आता कळायचं नाही, आणि माझ्या समाधानासाठी मी त्यातलं बरं ते उत्तर निवडणार नाही. जोसेफला मी सोडलेलं नाही. त्याची बायकोही बाकी आहे, तिचा तर यात काहीच दोष नव्हता. पण रात्री-बेरात्री माझ्या मनात जोसेफ येत नाही, अमोसही येत नाही. येतो तो तो मंगळवार. ते पाकीट सायकलच्या पिशवीत होतं, बाबा, चेन लावलेली. गुरुवारपर्यंत तिथेच राहिलं असतं.